साक्षीतला गाळलेला भाग

नोव्हेंबर 2023 मध्ये आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीकडे वाडी-वस्तीवर ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्या एका सेवकाचा राजीनामा आला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर तीन ओळी. "मला बोलायला काही उरलं नाही. मानधन डिसेंबरपासून बंद करावं. गाडी कुठे आणून लावायची ते कळवावं." गाडी म्हणजे त्याला मानधन देणाऱ्या संस्थेनं दिलेली जुनी मोटारसायकल. मी तेव्हा कमिटीचा चिटणीस होतो, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला चौकशी कशी करतात हे चांगलं ठाऊक असतं: चहा प्यायचा, दोन सह्या घ्यायच्या, खाली 'समज दिली' असं लिहायचं. हे प्रकरण मात्र तसं मिटलं नाही, कारण चौकशीत माझाच हात निघाला.

सेवकाला विचारून हे लिहितोय. गाव, कारखाना, संस्था, माणसं यांची नावं देत नाही. वाडीतले लोक त्याला भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

वाडी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ही वाडी आहे. मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस. मातंग वस्तीत चाळीसेक घरं. दसरा उलटला की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक येतो आणि निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, कुणी लग्नाला, कुणी दवाखान्याला, कुणी घरावरच्या पत्र्यांना. मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, टाकून राहायचं आणि ऊस तोडून ती फेडायची. मागे उरतात म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं आणि शेळ्या.

भाऊ इथे 2021 च्या जूनमध्ये आला. वय अडतीस, बारावी पास, पुढे दोन वर्षांचं शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, शिक्षण, पेटी बरी वाजवतो. आजोबा जालन्याकडचे. त्या बाजूच्या जुन्या ख्रिस्ती घरांत रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव अजून निघतं. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण माणूस पुढे निजामाच्या मुलखात आला आणि तिथले दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यानं जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला शुभवर्तमानाबरोबर घराची जागाही मिळाली. भाऊच्या घरी ही गोष्ट दर नाताळला सांगितली जायची. असं काहीतरी आपल्या हातून व्हावं, ही त्याची इच्छा तिथलीच.

मानधन महिना नऊ हजार, पेट्रोल वेगळं. बदल्यात दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत एक फॉर्म भरून द्यायचा. त्यात चार रकाने: घरभेटी, पत्रिका वाटप, घरसभा व उपस्थिती, बाप्तिस्मे.

पहिल्या पावसाळ्यात अकरा घरं प्रार्थनेला येऊ लागली. दसरा झाला आणि त्यातली आठ ट्रकमध्ये बसून गेली. नोव्हेंबरच्या फॉर्मवर भाऊनं खरा आकडा लिहिला: उपस्थिती 7. संस्थेतून फोन आला, काही अडचण आहे का, काम थंड पडलंय का? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. डिसेंबरच्या फॉर्मवर भाऊनं 40 लिहिले. नंतर फोन आला नाही. तेव्हापासून तो दर महिन्याला चाळिशीच्या आसपासच लिहीत राहिला, कधी 38, कधी 43, म्हणजे खरं वाटावं. "सर, आकडा एकसारखा नसावा एवढी अक्कल मला तेव्हाही होती," तो मला म्हणाला.

ताप

सप्टेंबर 2022. वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला ताप भरला. आई-बाप दोघंही प्रार्थनेला येणारे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बापानं भाऊला बोलावलं. पोरगी डोळे उघडत नव्हती, अंगावर बारीक लाल ठिपके होते. बाप म्हणाला, तालुक्याला न्यावं का? भाऊचं उत्तर मी चौकशीत तीनदा विचारून घेतलं. दवाखान्यात नेऊ नका, असं तो म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "आज रात्र प्रार्थनेत घालू. सकाळी बघू."

रात्रभर गाणी आणि प्रार्थना चालल्या. पहाटे पोरीच्या नाकातून रक्त आलं. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात दोन दिवस काढले. डेंग्यू निघाला, पेशी उतरत होत्या. चौदा हजार खर्च झाला, तो मुकादमाकडून घेतला आणि पुढच्या उचलीत चढला. मग अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात चार दिवस. पोरगी वाचली.

हीच वस्ती कावीळ झाली की गळ्यात माळ घालून घ्यायला एका बाबाकडे जायची. त्या बाबाच्या विरोधात भाऊ पहिल्यापासून बोलायचा. महाराष्ट्रात 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा धरलाय, हे त्यानंच लोकांना वाचून दाखवलं होतं. त्याचं 'सकाळी बघू' या कायद्यात बसत नाही. त्यानं कुणाला अडवलं नाही. पण अडवणं आणि थांबवून धरणं यांत बापाच्या दृष्टीनं फरक किती? ज्याच्या शब्दाला वस्तीत मान असतो, त्याचं 'सकाळी बघू' हा गरिबाच्या घरात हुकूमच असतो. हे मी मास्तर म्हणून सांगतो, कारण आमच्याही शब्दानं पोरांच्या शाळा सुटलेल्या मी पाहिल्यात.

मेळावा

मे 2023 मध्ये आमचा वार्षिक मेळावा झाला. ऊसतोडीला गेलेले परत आलेले होते, मांडव भरला होता. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सभेपुढे सांगायच्या वेळी, भाऊला पुढे बोलावलं. तो चांगला बोलतो. ताप, लाल ठिपके, रात्रभराची प्रार्थना, पहाट, आणि मग, "आज ती मुलगी तुमच्यासमोर बसली आहे!" मांडवात हालेलुया झाला. पहाट आणि मांडव यांच्यामधले सहा दिवस त्यानं गाळले. नाकातलं रक्त गाळलं, खासगी दवाखाना गाळला, अंबाजोगाई गाळली, चौदा हजार गाळले.

ती साक्ष वार्षिक अहवालात मी लिहिली. 'प्रार्थनेने ताप उतरला, कुटुंब विश्वासात दृढ' असं माझं वाक्य. अंबाजोगाईला मुलीला बेड मिळावा म्हणून तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन मीच केला होता. तरी ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला नाही. चौकशीत हात निघाला म्हणालो, तो हा.

मेळाव्यानंतरचे सहा महिने भाऊ नेमानं काम करत राहिला. फक्त त्याला झोप लागेना. प्रार्थनेला उभा राहिला की तोंडातून नेहमीचे शब्द यायचे आणि आपण कुणाची तरी कॅसेट लावलीय असं त्याला वाटायचं. त्यातच पावसाळ्यात त्या मुलीची आजी गेली. वस्तीत सगळे तिला जिजी म्हणत. जिजी गेल्यावर पोरीला सांभाळायला कोणी उरलं नाही. ऑक्टोबरमध्ये ट्रक आला तेव्हा पाचवीतली पोरगी दप्तर घरात ठेवून आई-बापाबरोबर बसली. उचलीत ते चौदा हजार होतेच. भाऊ रस्त्याच्या कडेला उभा होता. पोरीनं ट्रकातून हात केला. पंधरा-वीस दिवसांनी ते वहीचं पान माझ्याकडे आलं.

चौकशी

मी वस्तीवर गेलो तेव्हा भाऊनं काही लपवलं नाही. फॉर्मच्या कार्बन प्रती पुढे ठेवल्या आणि प्रत्येकीवर खरा आकडा काय होता ते पेन्सिलीनं लिहून दिलं. मी त्याची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "अरे, पण देवानं तिला वाचवलं हे काय खोटं आहे?"

"नाही सर. पण डॉक्टरला गाळून मी देवाला मोठं करायला गेलो. खोटं ते आहे."

आमच्या समाजात थकलेल्या सेवकाला बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सोळावं वचन देतात: बाहेरचा माणूस झिजतो, तरी अंतर्याम दिवसेंदिवस नवं होतं. कॅलेंडरवर असतं, आजाऱ्याच्या उशाशी लावतात, मयतीच्या घरी वाचतात. मीही ते द्यायला म्हणून शास्त्र उघडलं आणि सवयीनं अध्याय पहिल्यापासून वाचू लागलो. दुसऱ्याच वचनात अडकलो. तिथे ते पत्र लिहिणारा पौल म्हणतो की, लाजेच्या गुप्त गोष्टी आम्ही टाकून दिल्यात, आम्ही कपटानं चालत नाही, देवाच्या वचनात भेसळ करत नाही, सत्य उघडं करून आम्ही माणसांच्या विवेकापुढे उभे राहतो. नवं होण्याची गोष्ट त्यानंतर चौदा वचनांनी येते. मधे मातीची भांडी आहेत, मार खाणं आहे, गोंधळून जाणं आहे. आम्ही आयुष्यभर सोळावं वचन दुसऱ्यापासून तोडून वापरत आलो. भाऊ दमला म्हणून आटला, असं कमिटीतले सगळे धरून चालले होते. विश्रांती द्या, संजीवन सभेला पाठवा, असे ठरावही तयार होते. पण नऊ हजारांत डोंगर तुडवून दमणारे सेवक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना रात्री गाढ झोप लागते.

मराठीत साक्ष हा शब्द कोर्टातलाही आहे आणि मंडळीतलाही. कोर्टात निम्मं सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत उघडा पडतो. मंडळीत उलटतपासणी नसते, टाळ्या असतात.

मी राजीनामा मंजूर केला नाही, नामंजूरही केला नाही. सहा महिने फॉर्म नाही, भाषण नाही, साक्ष नाही, एवढं ठरवलं. मानधनाचा अर्धा भाग मंडळीनं वर्गणीतून द्यायचा. यावर कमिटीत जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. भाऊनं आपणहून एकच मागितलं: पोरीच्या आई-बापाला भेटून यायचंय.

कोपी

जानेवारी 2024 मध्ये तो एसटीनं कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या हद्दीत गेला. पत्रिका नेल्या नाहीत. शास्त्र नेलं, पण पिशवीबाहेर काढलं नाही. तीन दिवस राहिला. पुढचं मी त्याच्याकडून आणि नंतर पोरीच्या आईकडून, दोघांकडून ऐकलंय, आणि दोन्ही जुळतं.

पहिल्या संध्याकाळी फडातून सगळे परत आल्यावर त्यानं सांगून टाकलं. त्या रात्री मी तुम्हाला थांबवलं ते चुकलं, आणि मेळाव्यात सहा दिवस गाळले ते खोटं होतं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुम्ही मांडवात बोल्लात तव्हाच म्या मनात म्हन्लं, मंग चौदा हजार कुठं गेले?"

आठ महिने ती बाई हे मनात ठेवून होती आणि दर वेळी भाऊला वाकून नमस्कार करत होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचलं ते हे. आमच्या साक्षीचा खरेपणा जिला सर्वांत जास्त माहीत होता, तीच मांडवात गप्प बसली होती, आणि तिला बोलायला जागा आम्ही ठेवलीच नव्हती.

नवरा म्हणाला, माफीबिफी राहू द्या, तुम्हाला लिहिता येतं ना? मग हिशेब करून द्या. त्याच आठवड्यात ऊसतोडीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचा तोडगा संघटना आणि साखर संघ यांच्यात निघाला होता. तोडणीवाल्यांच्या अड्ड्यावर बातमी पोचली होती, पण वाढीव दरानं आपला हिशेब कसा बसतो, उचलीतून किती फिटली, हे कुणालाच नीट कळत नव्हतं. वही मुकादमाजवळ, आणि मुकादम म्हणतो तेवढी फेड. भाऊ बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सगळे फडात गेले. तो कोप्यांपाशी लेकरं सांभाळत बसला आणि जुन्या वजनाच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावत राहिला. पाचवीतली पोरगी त्याला चिठ्ठ्या वाचून दाखवायची. सात कोयत्यांचा हिशेब दोन दिवसांत उभा राहिला: तारीख, टन, दर, जमा, बाकी. मुकादमानं तिसऱ्या दिवशी येऊन हे कोण आणि कशाला आलंय म्हणून विचारलं. तेवढं झालंच.

तिसऱ्या रात्री आईनं त्याला प्रार्थना करायला सांगितली. तो म्हणाला, माझ्याजवळ शब्द नाहीत, ताई. मग तिनंच केली. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. तिची प्रार्थना एवढीच होती: "देवा, ह्या भाऊला झोप लागू दे." पाचटाच्या कोपीत, बाहेर ट्रॅक्टरवर गाणी वाजत असताना, भाऊ पहाटेपर्यंत झोपला.

अंतर्याम नवं होणं कसं दिसतं, असं शिबिरात मला तरुण सेवक विचारतात तेव्हा मी ही झोप सांगतो. त्यांना ते फारसं आवडत नाही. त्यांना दृष्टांत, अश्रू, अंगावर काटा हवा असतो. भाऊला तसं काही झालं नाही. मार्चपर्यंत तो प्रार्थनेत जवळजवळ गप्पच असायचा. पण कॅसेट लावल्यासारखं वाटणं थांबलं होतं.

दुसरी साक्ष

मे 2024 च्या मेळाव्यात त्याला पुन्हा पुढे बोलावलं. सात-आठ मिनिटं बोलला. गाळलेले सहा दिवस तारखेवार सांगितले, फॉर्मवरचे खरे आकडे सांगितले, आणि आधी आईची परवानगी घेऊन चौदा हजारही सांगितले. नंतर मी उठलो आणि अहवालातलं माझं वाक्य मागे घेतलं. पाय कापत होते, खोटं कशाला बोलू.

हालेलुया झाला नाही. एक वडीलधारे सभासद भडकले: "सध्या दिवस कसले आहेत, आणि तुम्ही विरोधकांच्या हातात कोलीत देताय?" त्यांची भीती पोकळ नाही. आपल्याकडे धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये आहे. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच म्हटलंय, आणि आमिषाचा आळ यायला वाडी-वस्तीत एक अफवा पुरते. अशा दिवसांत आपल्या चुका झाकाव्यात असं वाटणं माणसाचं आहे. माझं मत उलट आहे. आजारी पोरीच्या उशाशी आपण काय बोललो हे उघड सांगता येत नसेल, तर आळ घेणाऱ्याला आपणच निम्मा पुरावा देऊन ठेवलाय.

दुरुस्त आकड्यांसह मी संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर सौम्य आलं आणि जुलैपासून अनुदान थांबलं. फॉर्म आजही तोच आहे, चार रकान्यांचा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आमच्या मंडळीत ही गोष्ट अभिमानानं सांगतात, पण ती पगाराचीही गोष्ट आहे हे सहसा कुणी बोलत नाही. भाऊ म्हणजे टिळक नव्हे आणि त्याला दोन लेकरं आहेत. तो आता तालुक्याच्या गावी एका आडत दुकानात हिशेब लिहितो. रविवारी वाडीवर जातो. हंगामात सुट्टी काढून पंधरा दिवस अड्ड्यांवर जातो, हिशेबाच्या वह्या नेतो. तिथे कुणी विचारलं, तू हे कशासाठी करतोस, तर सांगतो. न विचारलं तर वह्या लिहून परत येतो. गेल्या दोन वर्षांत वाडीवर एकही बाप्तिस्मा झालेला नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही. त्या मुलीचा थोरला भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. त्याला बाप्तिस्मा घ्यायचाय आणि तो तसं स्पष्ट बोलतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो. नोव्हेंबर 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे. आमच्याकडे जुने लोक अशा पोरांना काय सांगतात हे मी सांगायची गरज नाही: मनात ठेव, कागदावर नको. मीही पूर्वी हेच सांगायचो. हा कायदाच अन्यायाचा आहे असं मला वाटतं. बापाची जात आणि गावातली वागणूक बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली जात नाही, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा. पण कायदा अन्यायाचा आहे म्हणून पोराला पहिल्याच दिवशी निम्मी साक्ष शिकवायची का?

भाऊनं त्याला बसवून सगळं सांगितलं. दाखल्याचं काय होईल, भरतीत काय फरक पडेल, सगळं कागदावर मांडून दिलं. पोरगा म्हणाला, "मंग तुमचं काय म्हननं हाय?" भाऊ म्हणाला, मला माहीत नाही. मला विचारलं तेव्हा मीही तेच म्हणालो. गेल्या वेळी पोरगा 1600 मीटरमध्ये मागे पडला. रोज पहाटे डोंगराच्या रस्त्यानं पळतो, आणि रविवारी सर्वांच्या मागे, दाराजवळ बसतो.